गंजलेलं चालेल, अपुरं नको

अमेरिकेतल्या बहुतेक हायस्कुलांमध्ये एके काळी सुतारकामाचा स्वतंत्र वर्ग असायचा. पोरांच्या हाती द्यायची यंत्रं म्हणून शाळा ती दणकट बघूनच घेत. बिडाची टेबल सॉ, उंच बँड सॉ, फळीची बाजू सपाट करणारा जॉइंटर आणि लाकडाची लेथ अशी यंत्रं तिथे असत. १९८० नंतर हे वर्ग एकेक करून गुंडाळले गेले आणि यंत्रं लिलावात निघाली. कारखान्यांतही तेच घडलं. संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रं आली तशी पन्नास-साठ वर्षं इमानानं राबलेली जुनी यंत्रं मागच्या दारानं बाहेर पडली. त्यातली बरीचशी भट्टीत वितळली. जी वाचली ती हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये गेली आणि त्यातून एक छंदच उभा राहिला. जुनं यंत्र शोधायचं, सुटं करायचं, गंज उतरवायचा, बेअरिंग बदलायची आणि त्याच यंत्रावर घरातलं फर्निचर करायचं.

यंत्र जुनं असूनही चांगलं का, याचं कारण मुख्यतः त्याच्या बिडात आहे. जाड ओतकामाचं धूड थरथर गिळतं, आणि थरथर कमी तितका काप स्वच्छ. शिवाय ही यंत्रं उघडता येतील अशीच बांधलेली असत. शाफ्ट, बेअरिंग, पुली आणि पट्टा हे सारं पान्यानं सुटतं. पण पैसे वाचतील या हिशोबानं कोणी यात उतरणार असेल, तर त्यानं सरळ नवं यंत्र घ्यावं. बेअरिंग, पट्टे, रंग, मोटरचं काम आणि टेम्पोचं भाडं धरलं की स्वस्ताई बरीचशी संपते. ज्याला खोलण्या-जोडण्यातच रस आहे, त्याच्यासाठी हा उद्योग.

संग्राहकांच्या तोंडी काही नावं सतत असतात. मिलवॉकी शहरात हर्बर्ट टाउट्झनं १९१९ मध्ये सुरू केलेली डेल्टा ही त्यातली सगळ्यांत ओळखीची. मंदीच्या काळात अमेरिकन मध्यमवर्ग तळघरात सुतारकाम करू लागला तो बराचसा डेल्टाच्या आटोपशीर यंत्रांवर. १९३९ च्या सुमारास तिनं युनिसॉ नावाची टेबल सॉ काढली. टेबल जागच्या जागी आणि पातं तिरकं होणार, ही तिची रचना पुढे कित्येक कंपन्यांनी उचलली. १९४५ मध्ये डेल्टा रॉकवेलच्या हाती गेली, म्हणून काही यंत्रांवर दोन्ही नावं दिसतात. न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डची वॉकर-टर्नर ही तिची तगडी प्रतिस्पर्धी. तिथल्या एडिसन गावाच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कदाचित ठाऊक नसेल, पण शेजारच्याच गावात ही यंत्रं ओतली जात होती, आणि त्या भागातल्या घरगुती विक्रीत ती अजून निघतात. रेडियल आर्म सॉचा जनक रेमंड डीवॉल्ट हाही न्यू जर्सीचाच. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिजटन गावी त्यानं ते यंत्र बनवलं.

याहून वरच्या पायरीवर मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सची ऑलिव्हर. हे शहर फर्निचरचं. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनानंतर त्याचा बोलबाला झाला आणि १८९० मध्ये ऑलिव्हर तिथेच उभी राहिली. बेलॉइटच्या येट्स-अमेरिकनच्या एका बँड सॉला चाकावरच्या नक्षीमुळे ‘स्नोफ्लेक’ हे लाडकं नाव पडलं आहे. ब्रिटनमध्ये लेस्टरची वॉडकिन, स्थापना १८९७. ओतकामाचे साचे, म्हणजे पॅटर्न, बनवणाऱ्या कारागिरांसाठी तिनं यंत्रं केली. अचूकतेची सवय तिला तिथूनच लागली असावी. तिची पीके नावाची टेबल सॉ पाहिली की डोळे निवतात, पण वजन टनाच्या घरात असल्यानं ती घरी आणणाऱ्याला आधी फरशीखाली काय आहे ते पाहावं लागतं. सीअर्सच्या क्राफ्ट्समन यंत्रांची गंमत अशी की सीअर्सनं ती स्वतः कधी बनवली नाहीत. मॉडेल क्रमांकाचे पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे असतात. १०३ म्हणजे किंग-सीली, ११३ म्हणजे इमर्सन. पाटीवरचा हा आकडा ओळखता आला की सुटे भाग शोधणं निम्मं सोपं होतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं या धुडांकडे पाहून हिरमुसायचं कारण नाही. इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या डब्ल्यू. एफ. अँड जॉन बार्न्स कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायानं चालवायच्या लेथ आणि नक्षी कापायच्या करवती बनवल्या. त्यांना मोटर नाही, आवाज बेताचा, आणि जागा शिवणयंत्राएवढी. अशा यंत्राला वीज लागत नाही, त्यामुळे या लेखातला सगळ्यांत किचकट भाग त्याच्या मालकाला वगळता येईल.

पहिलं यंत्र कोणतं घ्यावं? डेल्टाची चौदा इंची बँड सॉ. ती साध्या गाडीत सुटी करून नेता येते, तिचे भाग भरपूर मिळतात, पातं साडेत्र्याण्णव इंची म्हणजे सर्वत्र मिळणारं, आणि तिची नक्कल पुढे इतक्या कंपन्यांनी केली की एकाचा भाग दुसऱ्याला सहज बसतो. तिची दुखणीही ठरलेली आहेत. टेबलाखालचे अर्धगोल आधार, म्हणजे ट्रनियन, जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि तडकतात. पातं वर्षानुवर्षं ताणून ठेवलेलं असेल तर वरच्या चाकाची बिजागरी वाकलेली असते. दोन्ही भाग नवे मिळतात, पण किमतीची घासाघीस करताना हे ठाऊक असलेलं बरं. जॉइंटर मात्र पहिल्यांदा नको. त्याचे दोन बेड एका पातळीत आणणं हे नवख्याच्या संयमाची परीक्षा पाहणारं काम आहे.

यंत्र पाहायला जाताना सोबत टॉर्च, सरळ पोलादी पट्टी, फिलर गेज, डायल गेज आणि लहान आरसा असावा. विकणारा बहुधा यंत्र सुरू करून दाखवायच्या घाईत असतो. त्याला थांबवावं. आधी बंद यंत्र हातानं फिरवावं. शाफ्ट अडखळतो का, खरखर येते का, वरखाली हलवल्यावर खुळखुळतो का, हे हाताला कळतं. मग सगळं बीड टॉर्चच्या तिरक्या उजेडात पाहावं. पायांचे सांधे, मोटरचा कंस आणि टेबलाच्या खालच्या पट्ट्या या जागी चिरा लपतात. ताज्या रंगाच्या आड ब्रेझिंगचा पिवळट सांधा सापडला तर तो गुन्हा नव्हे, चांगलं ब्रेझिंग वर्षानुवर्षं टिकतं. पण चीर कुठे आहे ते महत्त्वाचं. टेबलाच्या कोपऱ्यातली चालेल, शाफ्टचं वजन पेलणाऱ्या कंसातली नको.

टेबल सॉवर पातं काढून शाफ्टच्या फ्लँजवर डायल गेज टेकवावा आणि शाफ्ट हळू फिरवावा. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत हलला तर उत्तम. इथला बारीक दोष दहा इंची पात्याच्या कडेला कितीतरी पटीनं मोठा होऊन दिसतो. जॉइंटरवर सरळ पट्टी दोन्ही बेडवर उभी-आडवी-तिरकी ठेवून खाली फिलर गेज सरकवून पाहावा.

आणि मग सगळ्यांत महत्त्वाचं: काय नाही ते पाहावं. गंज हा कामाचा भाग आहे, तो जातो. पण टेबल सॉचं मूळ कुंपण, म्हणजे फेन्स, बँड सॉचे गाइड, हातचाकं, संरक्षक झाकणं आणि मोटरचा खास कंस यांतलं काही हरवलेलं असेल तर ते शोधण्यात वर्ष जाऊ शकतं. चकचकीत रंगवलेलं पण फेन्स नसलेलं यंत्र आणि तांबूस पोपड्यांनी भरलेलं पण खिळाही न हरवलेलं यंत्र यांत दुसरंच घ्यावं. ताजा रंग हा तर संशय घ्यायला पुरेसा आहे. ज्यानं नटबोल्टांवरूनही ब्रश फिरवला आहे, त्यानं आत काय केलं असेल याची कल्पना करावी.

एका जातीच्या यंत्राला मात्र वापरासाठी हात लावू नये. १९१० च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या बऱ्याच जॉइंटरांत पाती बसवायचा दांडा चौकोनी असायचा. गोल दांड्यात पात्याची धार जेमतेम बाहेर डोकावते. चौकोनी दांड्यात कडांच्या मधे मोठी पोकळी राहते आणि हात घसरला तर तो आत ओढला जातो. त्या काळच्या सुतारांची बोटं याच यंत्रांनी नेली. असं यंत्र दिवाणखान्यात शोभेला ठेवावं, नाहीतर गोल दांडा बसवून घ्यावा.

वाहतुकीत फार हुशारी दाखवू नये. टेबल सॉ उचलताना टेबलाच्या कडेला हात घालायचा नाही, फेन्सच्या दांड्याला तर नाहीच. शक्य असेल तर टेबल, त्याचे बाजूचे पंख, मोटर आणि पाया वेगळे करून न्यावेत. बँड सॉ वरून जड असते, वळणावर पहिली तीच कलंडते, म्हणून ती आडवी झोपवून बांधावी.

घरी आल्यावर लगेच पाने काढू नयेत. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, मोटरच्या तारांचे तर जवळून. जुन्या कंपन्यांची माहितीपत्रकं आणि सुट्या भागांचे तक्ते आज स्कॅन करून मोफत मिळतात. आपल्या क्रमांकाचा तक्ता छापून भिंतीला लावला की जोडणीच्या वेळी उरलेला वॉशर कुठला हे कोडं पडत नाही. डाना बॅटोरी यांचं ‘व्हिंटेज वुडवर्किंग मशिनरी’ हे चार अमेरिकन कंपन्यांवरचं पुस्तकही हौशी मंडळींच्या कपाटात असतं.

खोलताना चार सापळे हमखास भेटतात. पहिला उलट्या आट्यांचा. फिरण्याच्या झटक्यानं नट सुटू नये म्हणून काही शाफ्टांवर आटे उलटे पाडलेले असतात. बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट हे त्याचं रोजचं उदाहरण. नट हलत नाही म्हणून जोर लावण्याआधी आट्यांचा कल पाहावा. दुसरा दुहेरी सेट स्क्रूचा. पुलीतला एक स्क्रू काढला तरी पुली हलत नाही, कारण त्याच भोकात खाली आणखी एक बसलेला असतो. आधी आत टॉर्च मारावा, हातोडी नंतर. तिसरा निमुळत्या पिनेचा. ती बारीक तोंडाकडून ठोकली तरच निघते, उलट बाजूनं ठोकली तर आणखी घट्ट बसते. त्यामुळे दोन्ही टोकं स्वच्छ करून कॅलिपरनं मोजावीत.

चौथा सापळा ब्रिटिश यंत्रांचा. जुन्या वॉडकिनचे आटे व्हिटवर्थ मापाचे. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, अमेरिकन अर्धा इंचीला १३. शिवाय एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. त्यामुळे चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे गोडीनं आत जातो आणि मग अडकतो. पुढे जोर लावला की बिडातले आटे गेलेच. आपल्याकडे ‘चार सुती बोल्ट’ मागितला की दुकानदार अर्धा इंची देतो खरा, पण आटे कुठले हे विचारून, जुन्या नटात हातानं पूर्ण फिरवून पाहूनच घ्यावा.

अडलेल्या सांध्यावर भेदक तेल टाकून रात्रभर ठेवावं. एसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल समप्रमाणात मिसळून केलेलं मिश्रण बऱ्याच जणांना बाजारातल्या डब्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं, फक्त ते ज्वालाग्राही असल्यानं त्यानंतर लगेच ब्लोटॉर्चची आच देऊ नये. बिडावर लोखंडी हातोडी कधीच मारू नये. बीड वाकत नाही, थेट फुटतं. लाकडी मोगरी किंवा पितळी दांडा वापरावा.

आता गंज. टेबलाच्या वरच्या पृष्ठभागावर पट्ट्याचं सँडर फिरवणाऱ्याला पुढे पश्चात्ताप होतो, कारण कारखान्यात सपाट केलेल्या पृष्ठभागात खळगे पडतात. तिथे रॉकेल शिंपडून दाढीच्या पात्यानं वरचा थर खरवडावा, मग घासणीनं आणि शेवटी ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं लाकडी ठोकळ्याला धरून घासावं. काळपट डाग राहिले तर राहू द्यावेत. ते त्या यंत्राचं वय आहे, आणि लाकूड त्यावरून तितक्याच सहज सरकतं.

लहान भागांसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅमच्या आसपास घालून भाग बुडवावा आणि दर काही तासांनी पाहावं. विसरलं तर आम्ल चांगलं लोखंडही खातं. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, कोरडं करून लगेच तेल लावावं, नाहीतर डोळ्यांदेखत पिवळी झाक चढते.

मोठ्या भागांना विजेचं स्नान घालतात. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात थोडा धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडी पत्र्याला. ही टोकं उलटी लागली तर गंज जायच्या ऐवजी आपला भागच विरघळू लागतो. पत्रा भागाच्या समोर असावा, कारण वीज आडोशाच्या जागी नीट पोचत नाही. या पद्धतीची गंमत म्हणजे गंज गेला की काम थांबतं, चांगलं लोखंड खाल्लं जात नाही, त्यामुळे विसरभोळ्यांसाठी ही उत्तम. पथ्यं मात्र कडक आहेत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून पिंप उघड्यावर ठेवावं आणि जवळ ठिणगी नको. चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. ॲल्युमिनियमचे आणि जस्ताचे भाग यात टाकू नयेत, आणि स्प्रिंगाही नकोत, कारण हायड्रोजन शोषून त्या ठिसूळ होतात.

जुना रंग उतरवताना तो शिशाचा आहे असंच गृहीत धरावं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. भारतात ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत. म्हणजे आपल्याकडचं तर कालपरवापर्यंतचं यंत्रही संशयित. कोरडा रंग घासून धूळ उडवायची नाही, आणि आच देऊन वाफही काढायची नाही. रसायन लावून, ओलं असतानाच खरवडून, कचरा पिशवीत बंद करावा. लहान मुलं असलेल्या घरात हे काम गॅलरीत करूच नये. नवा रंग शेवटी. जोडून, चालवून, लाकूड कापून पाहिल्यावर. कित्येक यंत्रं रंग लावून झाल्यावर पुन्हा खोलावी लागतात, कारण मालकाला आधी फोटो काढायची घाई असते.

बेअरिंगच्या बाबतीत हा छंद सुखाचा आहे. त्यांचे क्रमांक जगभर एकच. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२, मग ते मिलवॉकीत घ्या की नाशिकच्या द्वारका चौकात. ६२०२ तर आपल्या छताच्या पंख्यात असतं. भुशात चालणाऱ्या यंत्रासाठी क्रमांकापुढे ‘टू आर एस’ लिहिलेलं, दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं बेअरिंग घ्यावं. बसवताना ज्या कड्याची पकड घट्ट, त्याच कड्यावर दाब द्यावा. शाफ्टवर बसवताना आतल्या, खाचेत बसवताना बाहेरच्या. उलट केलं तर गोळ्यांवर मार बसतो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणायला लागतं.

त्याहून जुन्या यंत्रांत गोळ्यांची बेअरिंग नसतातच. तिथे शाफ्ट बॅबिटमध्ये फिरतो. आयझॅक बॅबिटनं १८३९ मध्ये पेटंट घेतलेला हा कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा मऊ मिश्रधातू, पुढच्या काही प्रकारांत शिसंही आलं. बॅबिट दिसला म्हणून घाबरायचं नाही. तेल दिलं आणि पातळ पत्र्याच्या चकत्या काढून फट बसवली तर बहुतेक वेळा तो तसाच आणखी पिढीभर चालतो. पुन्हा ओतायची वेळ आलीच तर शाफ्टवर काजळी धरतात, म्हणजे तो चिकटत नाही, आणि धातू पुरेसा तापला का हे पाहायला त्यात पाइनची काडी बुडवतात. ती करपली पाहिजे, पेटता कामा नये. साच्यात पाण्याचा थेंबही राहिला तर वाफ होऊन वितळलेला धातू अंगावर उडतो. हे काम पहिल्यांदा एकट्यानं करू नये.

विजेचा भाग भारतात राहणाऱ्यांनी नीट वाचावा. परदेशातून परतताना लाडकी टेबल सॉ कंटेनरमधून आणायचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. तिथे मिनिटाला १७२५ फेरे घेणारी मोटर इथे साधारण १४२५ घेते, आणि व्होल्टेज तेवढंच ठेवलं तर तापते. वेग पुली बदलून मिळवता येतो, तापण्याला मात्र मोटर बदलणं हाच खरा उपाय. जुन्या डेल्टाच्या गोळीच्या आकाराच्या रिपल्शन-इंडक्शन मोटरा दिसायला देखण्या आणि सुरू होताना ताकदवान. त्या इथे न चालवता कपाटात जपून ठेवाव्यात, म्हणजे यंत्राचं मूळपण शाबूत राहतं.

कारखान्यातून आलेलं यंत्र बहुधा थ्री फेजचं असतं. घरच्या सिंगल फेजवर ते चालवायला व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलणारा ड्राइव्ह, मिळतो, आणि त्यामुळे वेगही हवा तसा बदलता येतो. पण २३० व्होल्ट आत घेणारा साधा व्हीएफडी बाहेरही २३०च देतो. मोटरच्या पाटीवर ‘४१५ व्होल्ट, स्टार’ असेल आणि तिची सहाही टोकं बाहेर काढलेली असतील, तर डेल्टा जोडणी करून ती २४० च्या आसपास चालते. पाटीवर ‘४१५ डेल्टा’ असेल तर हा मार्ग बंद. रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायची की थ्री फेज मीटर घ्यायचा, हे तेव्हा ठरवावं. जुना उघडा चाकूसारखा स्विच मात्र काढूनच टाकावा. त्याजागी आपल्या शेतातल्या पंपाला असतो तो हिरव्या-लाल बटणांचा डीओएल स्टार्टर बसवावा. वीज जाऊन परत आली तर त्याच्यावरचं यंत्र आपोआप सुरू होत नाही. ज्या गावात दिवसातून तीनदा वीज जाते, तिथे हा स्टार्टर बोटं वाचवतो.

महाराष्ट्रात अशी यंत्रं शोधायची कुठे? मुंबईत रे रोडच्या दारूखान्याच्या भंगार बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, बंद पडणाऱ्या लाकडाच्या वखारींत. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर फोडलेल्या जहाजांचं सामान रस्त्याच्या कडेला मैलोन्‌मैल मांडलेलं असतं. त्यात धातूच्या लेथ आणि ड्रिल जास्त, पण व्हाइस, क्लँप आणि मोटरा उत्तम मिळतात. सरकारी वर्कशॉप आणि रेल्वेचं जुनं सामान ई-लिलावात निघतं, मात्र तिथे गठ्ठ्यानं घ्यावं लागतं. चार मित्रांनी मिळून बोली लावलेली बरी. इथल्या जुन्या यंत्रांवर पाटी नसणं ही नेहमीची गोष्ट. तेव्हा नावापेक्षा ओतकाम आणि शाफ्ट पाहून घ्यावं.

तुटलेल्या भागाच्या बाबतीत मात्र इथला माणूस अमेरिकन संग्राहकापेक्षा नशीबवान आहे. कोल्हापूर-शिरोली पट्ट्यात आणि बेळगावात ओतशाळा, म्हणजे फाउंड्री, मुबलक आहेत. फुटलेलं हातचाक जोडून, त्यावरून लाकडी पॅटर्न करून नवं ओतून घेता येतं. थंड होताना बीड सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा हवा, आणि जिथे लेथवर काम करायचं तिथे दोन-तीन मिलिमीटर जादा. मोठी फाउंड्री एका नगाला हात लावत नाही. पॅटर्न घेऊन लहान भट्टीवाल्याकडे जावं आणि त्याच्या पुढच्या ओतणीत आपला साचा बसवायला सांगावं.

एक कायदेशीर पथ्य. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या १९९६ पासूनच्या आदेशांनंतर आरागिरण्यांवर वनखात्याचं कडक नियंत्रण आहे. फळ्यांवर हौसेनं काम करणारी लहान यंत्रं वेगळी, पण गोल ओंडके चिरणारी मोठी बँड सॉ फार्महाऊसवर बसवायच्या आधी तालुक्याच्या वनाधिकाऱ्याकडे लेखी चौकशी करावी. नंतर खुलासे देत बसण्यापेक्षा ते सोपं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हा बिडाचा शत्रू. टेबलावर मेणाचा हात फिरवून, वर सुती चादर टाकावी. प्लॅस्टिक झाकलं तर आत घाम धरतो. सिलिकॉनचा फवारा वापरू नये. तो लाकडावर उतरतो आणि पुढे पॉलिश धरत नाही.

शेवटी सुरक्षेचं, कारण जुन्या यंत्राची मोठी उणीव इथेच आहे. पात्यामागे फाकलेलं लाकूड मिटू न देणारी रायव्हिंग नाइफ ही पट्टी अमेरिकन टेबल सॉवर सक्तीनं आली ती २००८ च्या आसपास. त्याआधीच्या यंत्रांना असलेलं झाकण आणि स्प्लिटर पहिल्या मालकानंच काढून फेकलेलं असतं. लाकूड मिटून पात्याला चिमटलं की ते उलटं उडतं आणि थेट पोटावर येतं. क्राफ्ट्समनच्या जुन्या रेडियल आर्म सॉसाठी तर इमर्सनला मागाहून नवी झाकणं द्यावी लागली होती. तेव्हा पहिला काप घेण्याआधी पट्ट्यावर झाकण, पात्यामागे स्प्लिटर आणि हाताशी लाल बटण एवढं जोडून घ्या. टेबल सॉला स्प्लिटर बसत नाही तोवर तिच्यावर फळ्या उभ्या चिरू नका. ते काम बँड सॉवर करा.